दोराला लागलेले हात

ठाण्याच्या कॉलेजची बस खारवीवाडीच्या शाळेपुढे थांबली, तेव्हा सगळ्यांत आधी खाली उतरला तो बॅनर. मग तो धरणारे दोघं, मग त्या दोघांचे फोटो काढणारा निहार, आणि गाद्या, सिलिंडर, कांद्याची पोती असं सगळं उतरल्यावर शेवटी हर्षद सर. बॅनरवर ‘ग्रामोदय श्रमसंस्कार शिबिर’ अशी ठळक अक्षरं होती आणि शेजारी नांगर धरलेला शेतकरी, त्याच्यापुढे धिप्पाड बैलजोडी. वाडीत बैल औषधालाही नव्हता. समुद्रात नांगर टाकतात, पण तो वेगळा.

रुचिरा बसच्या पायरीवर उभी राहून हे बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. वाडी तिची होती. शाळाही तिची, चौथीपर्यंत ती याच पडवीत बसली होती. बारावीनंतर ती ठाण्याला मावशीकडे शिकायला गेली आणि आता तिसऱ्या वर्षाला होती. डिसेंबरच्या सुट्टीतलं शिबिर कुठे घ्यायचं यावर ऑक्टोबरात मीटिंग झाली, तेव्हा सरांना गाव हवं होतं समुद्रकिनाऱ्याचं, राहण्याजोगं, गणपतीपुळ्याच्या आसपासचं आणि शिवाय गरजू. रुचिराने हात वर केला होता. ‘सर, माझं गाव आहे, मालगुंडच्या जवळ.’ सरांनी चष्मा वर करून विचारलं, ‘पण गरजू आहे ना?’ ‘हो सर, खूप,’ असं ती म्हणाली होती आणि त्याच दिवशी शिबिरप्रमुख झाली होती.

तर गरजू वाडीची सेवा सुरू झाली. पहिल्या दिवशी तीस जणांनी हातमोजे घालून किनारा साफ केला. बाटल्या, पिशव्या, एक तुटकी चप्पल असं सगळं गोणत्यांत भरून शाळेच्या मागे रचलं, त्या ढिगापुढे उभं राहून बोटांची खूण करत फोटो काढले. रात्री वारा सुटला आणि निम्मा कचरा आपापल्या जागी परत गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी व्यसनमुक्तीचं पथनाट्य झालं. बापेमाणसं कामावर होती किंवा झोपली होती. प्रेक्षक म्हणून दोन म्हाताऱ्या आल्या आणि मिश्री लावत लावत त्यांनी नाटक शेवटपर्यंत पाहिलं. दारुडा नवरा झालेल्या निहारला त्यातल्या एकीने जवळ बोलावून जेवलास का रे बाबा, असं विचारलं.

तिसऱ्या दिवशी सर्वेक्षण. ईशा नावाची मुलगी, जिचं सामान उचलायला बसमधून दोघं लागले होते, ती नेमकी रुचिराच्याच घरी पोहोचली. रुचिराची आई गुणवंती मागीलदारी बसून सुरमई चिरत होती, कोपरापर्यंत हात रक्ताने माखलेले. ईशाने ओढणी नाकाला लावून विचारलं, ‘काकू, हात धुण्याचं महत्त्व तुम्हाला माहिती आहे का?’

‘म्हायत हाय,’ गुणवंती म्हणाली, ‘पन आदी हा मासा संपू दे.’

ईशाने ‘अंशतः माहिती आहे’ या चौकटीत खूण केली.

संध्याकाळी रुचिरा घरी येऊन ही नाटकं करून दाखवायची. ईशा खडकांवरून कशी चालते, सर ‘ग्रामीण भारत’ म्हणताना डोळे कसे मिटतात, आणि स्वरूप नावाचा एक जाडा मुलगा शिबिरभर कानात ती गाण्याची बोंडं घालून कसा कोपऱ्यात बसलेला असतो, सांगितलं तेवढंच करतो आणि न सांगितलेलं ऐकतच नाही. गुणवंती हसून हसून पदराने डोळे पुसायची. मग रात्री शाळेत परत गेल्यावर रुचिरा हाच खेळ उलटा खेळायची. वाडीतली माणसं कशी बोलतात, म्हातारे कसे खेकसतात, कोणाच्या अंगात कसं येतं. शिबिरातली मुलं पोट धरून हसायची. दोन्हीकडे तिला टाळ्या मिळत होत्या, आणि दोन्हीकडच्या माणसांपेक्षा आपण थोड्या वरच्या आहोत असं तिला मनापासून वाटत होतं. एकवीस वर्षांच्या मुलीला ते वाटायला फारसं काही लागत नाही. एक माइक लागतो, आणि तो सरांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात दिला होता.

घरात हसत नव्हता तो फक्त तिचा बाप. गंगाराम वाडीच्या रापणीचा तांडेल होता, म्हणजे त्याने हात वर केला की जाळं पडायचं आणि त्याने खाली केला की माणसं थांबायची. रापण हे एका माणसाचं काम नव्हे. होडी किनाऱ्यावरून निघते, जाळं सोडत सोडत समुद्रात मोठा अर्धा गोल घेते आणि लांब जाऊन परत किनाऱ्याला लागते. मग जाळ्याची दोन टोकं दोन दोरांनी वाळूवरून ओढायची. दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसं पाहिजेत, आणि दोन्ही बाजू सारख्या जोराने आल्या पाहिजेत. वाडीत आता एका दोरापुरतीच माणसं उरली होती. जवान पोरं मिरकरवाड्याला मोठ्या बोटींवर गेली होती, काही मुंबईला. गणपतीनंतर दोनदाच रापण पडली होती, तीही अर्धी. मंडळींनी बैठक घेऊन ठरवलं होतं की जाळं विकून टाकायचं. वेंगुर्ल्याकडचा एक जण रविवारी बघायला येणार होता. गंगाराम त्या बैठकीत एक शब्द बोलला नव्हता आणि त्यानंतर घरातही फारसा बोलत नव्हता. त्याच्या आजाने उभी केलेली रापण त्याच्या हातून जात होती.

आणि गुरुवारी संध्याकाळी बांगडा आला. खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, अलीकडे पाणी काळसर झालं आणि त्यावर पाखरं तुटून पडायला लागली. गंगाराम तासभर किनाऱ्यावर उभा राहून ते बघत होता. रुचिरा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

‘मोठी मेर हाय माशाची,’ तो म्हणाला. ‘सकाळपातूर हितंच ऱ्हाईल. पन ओढायला कोन हाय?’

‘आमची पोरं हायत की, बाबा. तीस जणं. एक दोर त्यांना देवा.’

‘ती? फोटू काढनारी?’

‘मी हाय ना त्यांच्यात.’

गंगारामने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते तिला कळत होतं. एक भरलेली रापण बाहेर आली, तर मंडळी रविवारच्या माणसाला दारातून परत पाठवतील. माणसांचं असंच असतं, मासा बघितला की त्यांचा विचार बदलतो.

‘मधीच सोडलानी तर?’ त्याने विचारलं. ‘येका बाजूनं सैल पडला तर जाळा तिरपा व्हतो, तळ सोडतो. मासा खालनं जातो. परत येत नाय.’

‘नाय सोडनार. मी सांगतंय ना.’

‘मग तुज्या सांगन्यावर टाकतंय,’ गंगाराम म्हणाला आणि मंडळींना सांगायला पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून गेला.

सरांना पटवायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. ‘मच्छीमार बांधवांसोबत श्रमदान’ ही कल्पना त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती लगेच स्वतःची करून टाकली. फक्त एक गोष्ट होती. शुक्रवारी संस्थेचे उपाध्यक्ष शिबिराला भेट देणार होते. ते सहकुटुंब गणपतीपुळ्याला दर्शनाला निघाले होते आणि वाटेत सेवाही उरकणार होते. ‘ते अकराच्या सुमारास येतील,’ सर म्हणाले, ‘तेव्हा सगळे शाळेपुढच्या मांडवात पाहिजेत. सूत्रसंचालन तुझं, ठरल्याप्रमाणे.’ ‘हो सर,’ रुचिरा म्हणाली. अकरापर्यंत जाळं बाहेर येईल असा तिचा हिशेब होता. बापाला एक शब्द दिला, सरांना दुसरा दिला आणि ती निर्धास्त झोपली.

सकाळी होडी निघाली. गंगाराम वाळूवर उभा राहून हात दाखवत होता आणि जाळ्याचे पांढरे बोये पाण्यावर एकामागून एक पडत गेले. उत्तरेकडचा दोर वाडीने घेतला. बापे, बायका, परवा नाटक बघणारी म्हातारीसुद्धा. गुणवंतीने साडी वर खोचली आणि पुढेच उभी राहिली. दक्षिणेकडचा दोर शिबिराचा. रुचिराने मुलांना कसं उभं राहायचं ते दाखवलं. टाचा वाळूत रोवायच्या, हातांनी नाही तर अंगाने ओढायचं, मागे मागे जायचं आणि शेवटच्याने दोर सोडून पुन्हा पुढे येऊन धरायचा. स्वरूप कानात बोंडं घालून शेपटाला उभा राहिला. पहिली दहा मिनिटं तमाशाच होता. ईशाने दोर रुमालात गुंडाळून धरला, निहार एका हाताने ओढत दुसऱ्या हाताने स्वतःचा व्हिडिओ काढत होता, आणि कोणीतरी ‘जोर लगा के’ असं हिंदीत ओरडत होतं. उत्तरेकडची माणसं एक अक्षर न बोलता ओढत होती.

पण मग दोर जड झाला. जड दोरापुढे फार वेळ नखरे चालत नाहीत. निहारने मोबाइल खिशात घातला. ईशाचा रुमाल कुठेतरी वाळूत पडला आणि तिने तो उचलला नाही. सगळे एका ठेक्यात मागे जायला लागले, तळहात सोलवटले तरी कोणी कुरकुरलं नाही. रुचिराला पहिल्यांदाच त्या मुलांविषयी बरं वाटलं. त्याहून जास्त बरं तिला स्वतःविषयी वाटलं, कारण हे सगळं तिने घडवलं होतं. दोन्ही दोर हळूहळू एकमेकांकडे सरकत होते. बोयांचा गोल आवळत आला आणि त्याच्या आत पाणी खदखदायला लागलं. गंगाराम छातीभर पाण्यात शिरला, एक हात वर करून. बाप कित्येक महिन्यांत असा ताठ उभा राहिलेला तिने पाहिला नव्हता. अजून फार तर पाऊण तास.

तेवढ्यात शाळेच्या आवारात दोन गाड्या वळल्या. उपाध्यक्ष लवकर आले होते, देवाच्या दारात गर्दी व्हायच्या आत त्यांना पोहोचायचं होतं. मांडवातला माइक खरखरला आणि हर्षद सरांचा आवाज किनारभर पसरला. ‘सर्व स्वयंसेवकांनी ताबडतोब मांडवात यावं. रुचिरा, मंचावर ये. रुचिरा, मान्यवर आलेले आहेत.’

दोर थांबला नाही, पण माना वळल्या. सगळे तिच्याकडे बघायला लागले. वाडीतलं तिला कळतं, दोराचं तिला कळतं, ती सांगेल ते खरं. रुचिराने पाण्याकडे पाहिलं. बाप पाठमोरा होता. तिच्या डोक्यात विचार आला तो असा, की तिसांतली मी एक गेले तर काय बिघडतंय, एकोणतीस राहतातच की. आणि तीन दिवस पाठ केलेलं स्वागताचं भाषण दुसऱ्या कोणी करावं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. हेही खरं, आणि हेच जास्त खरं.

‘मी आलेच, तुम्ही ओढा,’ असं ईशाला सांगून तिने दोर सोडला आणि हात झटकत मांडवाकडे पळाली.

ईशाने तिला पळताना पाहिलं. जिचं गाव तीच निघाली म्हणजे निघायला हरकत नसणार, इतका साधा हिशेब. तिने दोर सोडला. निहारने सोडला, त्याला उपाध्यक्षांचे फोटो काढायचे होते. मग सगळ्यांनीच सोडला, शाळा सुटल्यावर पोरं सुटतात तसं. तो ओला दोर वाळूवरून सरसरत पाण्याकडे निघाला आणि त्याच्या शेपटाला पाळी फिरून पुन्हा आलेला, मान खाली घालून ओढणारा एकटा स्वरूप, ज्याने माइकवरचं काही ऐकलंच नव्हतं. त्याने दोर सोडला नाही. तो तोंडावर आपटला, तसाच घसपटत पाण्यात गेला. उत्तरेकडची दहा-बारा माणसं धावली, त्यांनी दोर आणि स्वरूप दोन्ही धरलं. पण तोवर जाळं तिरपं झालं होतं.

रुचिराला ते मंचावरून कळलं. तिने ‘सागराच्या साक्षीने आज इथे’ असं वाक्य सुरू केलं होतं आणि उपाध्यक्षांच्या खांद्यावरून तिची नजर समुद्राकडे गेली. बोयांच्या आत घिरट्या घालणारी पाखरं एकेक करून बाहेर सरकत होती, खोल पाण्याकडे, जिथे मासा चालला होता तिथे. लहान मुलालाही त्याचा अर्थ कळला असता, निदान या वाडीतल्या. तिने माइक सावरला. मग वाक्य पुरं केलं. पुढची सगळी वाक्यंही पुरी केली, एकही शब्द न अडखळता. श्रीफळ दिलं, शाल दिली, उपाध्यक्षांच्या सौभाग्यवतींची ओटी भरली. उपाध्यक्ष हात जोडून म्हणाले की तरुणाईने आज मच्छीमार बांधवांच्या खांद्याला खांदा लावला, हे दृश्य त्यांनी गाडीतून स्वतः पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या वाजवणारे हात सोललेले होते, म्हणून जरा हळू वाजल्या.

गाड्या गेल्यावर सगळे किनाऱ्यावर परत आले, माशांसोबतचे फोटो काढायचे राहिले होते. जाळं बाहेर येऊन वाळूवर पसरलं होतं. तीनशे-चारशे माणसांना पुरावा तेवढा मासा होता तिथे चार टोपल्या भरल्या होत्या.

‘एवढेच?’ निहारने विचारलं.

गंगाराम वाटे घालत होता. रापणीत दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो. वाडीतला असो की वाटसरू, बाई असो की पोर, मासा हजार असो की दहा. तो द्यावा लागतो आणि घ्यावाही लागतो, त्यात उपकार नसतो. वाळूवर छोटे छोटे ढीग ओळीने पडत होते आणि माणसं आपापला ढीग उचलून मुकाट्याने निघत होती. भांडण नाही, शिवी नाही. रुचिराला शिवी चालली असती.

‘तांडेल, रविवारच्या मानसाक काय कळवू?’ एकाने खालच्या आवाजात विचारलं.

‘उद्याच ये म्हनावं,’ गंगाराम म्हणाला आणि पुढचा ढीग घातला.

त्या ओळीत स्वरूप बसला होता, वाडीच्या माणसांच्या मधोमध. नाकाडाला वाळू, दोन्ही तळहात लालभडक, आणि कानातलं एक बोंड समुद्रात गेलेलं. गुणवंती त्याच्या हातांना खोबरेल लावत होती. गंगारामने त्याच्यापुढे ढीग घातला.

‘काका, मी मुद्दाम नव्हतं धरलं,’ स्वरूप ओशाळून म्हणाला. ‘मला ऐकूच आलं नाही.’

‘का धरलास ते मी इचारत नाय,’ गंगाराम म्हणाला. ‘धरलास ना. उचल.’

मग त्याने एक टोपली पुढे ओढली, मूठ मूठ करून तिच्यात बांगडे टाकले आणि हर्षद सरांच्या पायाशी ठेवली. ‘ही शिबिराची.’

‘छे छे,’ सर हात जोडून म्हणाले, ‘आम्ही सेवेला आलोय. आम्ही काही घेणं बरोबर दिसणार नाही.’

‘सेवा ऱ्हाऊ द्या. दोर धरलात तेवढ्याचा वाटा हाय. धरलात म्हनून द्यायचा, सोडलात म्हनून चुकवायचा नाय. घेवा.’

सरांनी घेतली. घेताना त्यांना काही समजलं असावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. ते ‘किती निरागस माणसं’ असं पुटपुटले, आणि निहारने टोपलीचा फोटो काढला.

आता घराचा वाटा. रुचिरा आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. लहानपणापासून ती तिथेच उभी राहायची, आणि त्या जागी तीन ढीग पडायचे, बापाचा, आईचा आणि तिचा. गंगारामने पहिला घातला. दुसरा घातला. तिसरी मूठ भरून तो उठला, वाळूवरून चालत गेला आणि ती मूठ त्याने सरांच्या पायाशी असलेल्या टोपलीत सोडली. मग पाण्याशी जाऊन हात धुवायला लागला.

‘बाबा,’ ती त्याच्या मागे गेली. ‘माझा वाटा ऱ्हायला.’

‘घातलाय की.’

‘कुटं?’

त्याने हनुवटीने टोपलीकडे दाखवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तिने नीट ऐकलं, तो कुठेच नव्हता. ‘तुज्या मानसांत. जा, जेवनं खोळंबली असतील त्यांची.’

ती आईकडे बघायला लागली. गुणवंतीने दोन ढीग आपल्या पाटीत भरले, पाटी डोक्यावर घेतली आणि स्वरूपला म्हणाली, ‘चल रे, घरला चल, हातांना बांधून देतंय.’ स्वरूप तिच्या मागोमाग निघाला. रुचिराच्या घराची पाखाडी तो पहिल्यांदाच चढत होता, म्हणून गुणवंती मधे मधे थांबून त्याला कुठे पाय ठेवायचा ते सांगत होती.

‘रुचिरा, धर ना गं,’ ईशा म्हणाली. तिने टोपलीचा एक कान धरला होता आणि नाक दुसरीकडे वळवलं होतं. ‘एकटीला उचलत नाही.’

रुचिराने दुसरा कान धरला, आणि दोघी शाळेकडे चालायला लागल्या.